गाठीचा तुकडा बर्फात नको, फॉर्मेलिनमध्ये पाठवा
(शेळी-मेंढीपालक व पशुवैद्यक यांच्यासाठी माहितीपत्रक)

शेळीच्या गर्भाशयातून किंवा योनीमार्गातून काढलेली गाठ बर्फाच्या पिशवीत घालून पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी "कॅन्सर आहे की नाही, एवढेच सांगा" असा फोन करायचा, हा प्रकार आमच्या प्रयोगशाळेत वारंवार घडतो. येवला किंवा नांदगावहून उन्हाळ्यात निघालेला असा तुकडा नाशिकला पोहोचेपर्यंत बर्फाला चिकटलेल्या बाजूने गोठलेला आणि उरलेल्या बाजूने सडू लागलेला असतो. गोठताना तयार होणारे स्फटिक पेशी फाडतात आणि सडल्यावर त्यांची रचनाच उरत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे फारसे काही शिल्लक राहत नाही.

आपल्याकडे बहुतेक शेळ्या लहान वयातच विकल्या जात असल्याने गर्भाशयाच्या गाठी मुख्यतः दुधासाठी किंवा हौसेने सांभाळलेल्या वयस्क शेळ्यांत आढळतात. अशा शेळीला रक्तमिश्रित स्राव होत असेल, ती वारंवार उलटत (बोकड दाखवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत) असेल किंवा खाऊनही खंगत असेल, तर शंका घ्यावी. अंडाशयाच्या काही गाठींमुळे तर शेळी बोकडासारखी वागू लागते. पांढऱ्या कातडीच्या जनावराच्या योनीमुखावरील न भरणारी जखमही दुर्लक्षित ठेवू नये. मात्र गर्भाशयाचा दाह, आत वाळलेले करडू आणि खोटी गाभण यांतही यांपैकी काही लक्षणे दिसतात, म्हणून आधी सोनोग्राफी करून घ्यावी. खोट्या गाभणीत गर्भाशय पाण्याने भरलेले दिसते, पण करडू दिसत नाही. तरीही सोनोग्राफीत दिसलेली गाठ स्नायूची साधी आहे की अस्तराचा कर्करोग आहे, हे तुकडा तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

त्यासाठी तुकडा काढल्याबरोबर १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या रासायनिक द्रावणात टाकावा. बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मेलिनच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळले की हे द्रावण तयार होते. स्पिरिट किंवा मिठाचे पाणी त्याची जागा घेत नाही. तुकड्याच्या दहापट द्रावण हवे आणि तुकड्याची जाडी १ सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, कारण फॉर्मेलिन आत फार सावकाश मुरते आणि अख्खी गाठ बुडवली तर ती बाहेरून टणक झाली तरी आतून कुजते. संपूर्ण गर्भाशय पाठवायचे असल्यास ते वहीसारखे उघडे चिरून पाठवावे. गाठीच्या मधला मृत भाग न निवडता कडेचा भाग, लगतच्या निरोगी भागासह घ्यावा. बरणी रुंद तोंडाची असावी. निमुळत्या बाटलीत कोंबलेला मऊ तुकडा फॉर्मेलिनमध्ये कडक होतो आणि मग बाटली फोडावी लागते. जनावराचा क्रमांक झाकणावर नव्हे, बरणीवर लिहावा, कारण झाकणे अदलाबदल होतात.

स्रावाची जंतुतपासणी हवी असेल तर मात्र तो नमुना निर्जंतुक बाटलीत, फॉर्मेलिन न घालता, थंड ठेवून वेगळा पाठवावा. बर्फाचा उपयोग तिथे आहे, आणि गोंधळाचे मूळही बहुधा तेच असावे. शेळी गाभडली असेल तर हातमोजे घातल्याशिवाय स्राव किंवा वार (जार) हाताळू नये; गाभडण्यामागे असू शकणारा ब्रुसेलोसिस हा जंतुजन्य रोग माणसालाही होतो.

अहवाल त्याच दिवशी मिळत नाही, ही तक्रार आम्हाला ठाऊक आहे. तुकडा पूर्ण मुरणे, त्यातले पाणी काढणे, मेणात बसवणे, पातळ काप घेऊन रंगवणे आणि मग पशुविकृतितज्ज्ञाने वाचणे, यांतील कोणताही टप्पा घाईने उरकला तर निष्कर्ष चुकू शकतो. चुकीच्या अहवालावर चांगली दुभती शेळी कसायाकडे जाण्यापेक्षा काही दिवस थांबणे आम्हाला योग्य वाटते. खराब नमुन्याचे शुल्क आम्ही घेत नाही, पण शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण काढलेली असेल तर दुसरा तुकडा आणणार कोठून?

मोजून फॉर्मेलिन भरलेल्या, रुंद तोंडाच्या बरण्या आमच्याकडे नाममात्र दरात मिळतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच नेऊन ठेवाव्यात आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. सोबतच्या अर्जात शेळीचे वय, झालेली वेते, शेवटचा माज किंवा बोकड दाखवल्याची तारीख आणि दिलेली संप्रेरकांची इंजेक्शने लिहावीत. हा अर्ज कोरा आला, तर तो भरून घेण्यासाठी आम्ही फोन करतो आणि तोवर नमुना पुढच्या कामाला घेत नाही.