आज्या उरल्या, नातवंडे नाहीत: स्कॉटलंडच्या पाइनवनांची गोष्ट

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पाइनच्या फार जुन्या, जाड बुंध्याच्या आणि पसरट माथ्याच्या झाडांना लोक 'ग्रॅनी पाइन', म्हणजे 'आजीबाई पाइन', म्हणतात. नाव लडिवाळ आहे, पण या वनांचे दुखणेही त्यातच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासकांनी ही वने बारकाईने पाहिली, तेव्हा अनेक ठिकाणी केवळ आज्याच उभ्या होत्या. मधल्या पिढ्या जवळजवळ नव्हत्या आणि पायाशी नातवंडेही दिसत नव्हती.

स्कॉट्स पाइन ही जात मुळीच दुर्मीळ नाही. ती स्पेनपासून पूर्व सायबेरियापर्यंत आढळते आणि लाकडासाठी तिची लागवडही भरपूर होते. दुर्मीळ आहे ते कॅलेडोनियन पाइनवन. हिमयुग सरल्यानंतर, कोणी न लावता, बियांतून पिढ्यानपिढ्या आपसूक वाढत आलेल्या या वनाचे आज 84 तुकडे अधिकृत यादीत नोंदलेले आहेत आणि त्या सर्वांचे मिळून क्षेत्र जेमतेम 18 हजार हेक्टरांच्या आसपास भरते. वायव्येकडे लॉख मरी या सरोवराच्या काठी असलेला असाच एक तुकडा वाचवण्यासाठी 1951 मध्ये बेन एय हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र घोषित झाले.

क्षेत्र राखीव झाले, कुऱ्हाड थांबली, तरी रोपटी वर येईनात. पाइनचे बी पंख असलेले आणि हलके असते. वसंतात शंकू उघडले की ते वाऱ्यावर दूर जाते. मात्र रुजण्यासाठी त्याला उघडी माती आणि भरपूर ऊन लागते. हेदरची दाट झुडपे आणि शेवाळाची जाड गादी यांवर पडलेले बहुतेक बी वाया जाते. तरीही काही रुजते, आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. हिवाळ्यात खाण्याजोगे फारसे काही नसताना हेदरच्या वर डोकावणारा हिरवा शेंडा हरणांच्या नजरेत भरतो. शेंडा खुडला गेला की रोप बाजूने फुटते, पुढच्या हिवाळ्यात ती फूटही खाल्ली जाते, आणि रोप बुटके, झुडुपासारखे होऊन बसते. गुडघ्याएवढे असे रोप कापून त्याची वलये मोजली, तर ते कधी कधी वीस-तीस वर्षांचे निघते. म्हणजे लांबून उजाड दिसणाऱ्या उतारावर वन नसतेच असे नाही. ते हेदरच्या उंचीवर अडकून पडलेले असते.

लांडगे स्कॉटलंडमधून अठराव्या शतकापर्यंत नामशेष झाले आणि एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या जमिनी शिकारीच्या हौसेसाठी राखल्या गेल्या. शिकार चांगली व्हायची तर हरणे भरपूर हवीत, म्हणून त्यांची संख्या वाढू दिली गेली. कुंपणाशिवाय पाइन वर यायचे असेल, तर हरणांची घनता साधारणतः दर चौरस किलोमीटरला पाचपेक्षा कमी असावी लागते, असा अनुभव आहे.

सुरुवातीचा उपाय अर्थातच कुंपणाचा होता. बेन एयमध्ये कुंपणाबरोबर नांगरट, खत आणि लागवड यांचेही प्रयोग झाले. कुंपणाच्या आत रोपे तरारली, हे खरे. पण अशा वनात सगळी झाडे एकाच वयाची होतात. शिवाय वेगळेच एक संकट पुढे आले. कॅपरकेली हा टर्कीच्या आकाराचा रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी याच वनांत राहतो आणि हिवाळ्यात पाइनच्या सुयांवर गुजराण करतो. जमिनीलगत वेगाने उडताना तो तारेच्या कुंपणावर आदळून मरतो. त्याची संख्या आता सुमारे पाचशे-साडेपाचशेवर आलेली असताना, कुंपणच शेत खाते ही म्हण इथे जवळजवळ शब्दशः खरी ठरली. काही कुंपणांवर लाकडी पट्ट्या बांधून ती पक्ष्यांना दिसतील अशी केली गेली. ॲबरनेथीच्या वनात तर ती काढूनच टाकण्यात आली.

राहिला दुसरा मार्ग, हरणे कमी करण्याचा. केअर्नगॉर्म्स डोंगरांतील मार लॉज ही विस्तीर्ण मालमत्ता 1995 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने घेतली आणि पुढे हरणांची संख्या नेमबाजांकरवी मोठ्या प्रमाणात घटवली. त्यावर टीका झाली, शेजारच्या शिकारक्षेत्रांचे मालक नाराज झाले, आणि सुरुवातीची बरीच वर्षे दाखवण्याजोगे फारसे हातात नव्हते. नंतर मात्र हेदरमधून शेंडे वर येऊ लागले, तेही कुंपणाशिवाय, वेगवेगळ्या वयांचे आणि विस्कळीत. माझ्या मते संवर्धनाच्या नावाखाली प्राणी मारणे ज्यांना पटत नाही त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु लांडगा नसताना काहीच न करणे हीदेखील निवडच असते, आणि तिची किंमत वन मोजते.

जिथे लागवड करावीच लागते, तिथे बी कोठले हा प्रश्न कळीचा असतो. वायव्येकडील पाइन पूर्वेकडील पाइनपेक्षा आनुवंशिक आणि रासायनिक दृष्ट्या वेगळे असल्याचे आढळले आहे, त्यामुळे बी त्याच विभागातल्या जुन्या झाडांपासून घेतले जाते. मेलेली झाडेही आता हलवली जात नाहीत. पाइन हॉवरफ्लाय या अतिदुर्मीळ माशीच्या अळ्या पाइनच्या कुजक्या बुंध्यांतील ओल्या पोकळीत वाढतात. अशा पोकळ्या कमी पडल्या म्हणून कार्यकर्ते करवतीने बुंध्यांत खळगे पाडून त्यांत लाकडाचा भुसा आणि पाणी भरतात. म्हाताऱ्या झाडाला जे काम करायला शतक लागते, ते असे अर्ध्या तासात उरकले जाते.

केअर्नगॉर्म्समध्ये सुमारे 600 चौरस किलोमीटरवर चाललेल्या 'केअर्नगॉर्म्स कनेक्ट' या वन पुन्हा वाढवण्याच्या उपक्रमाने आपली मुदत 200 वर्षे ठरवली आहे. वन डोंगरावर किती उंच चढू शकते, याचा नमुना याच परिसरातील क्रेग ईअक्लख या उतारावर उरला आहे. तिथे सुमारे 640 मीटर उंचीवर पाइन हळूहळू खुजे होत जातात, वाऱ्याने वाकलेले, कमरेएवढे, वयाने मात्र प्रौढ. ब्रिटनमध्ये इतर जवळजवळ सर्वत्र वनाची वरची कड चराईने आणि आगींनी पुसून टाकली आहे. इथे ती अजून थंडी आणि वारा ठरवतात.