‘शेम’ची पार्श्वभूमी

अधिवेशनाच्या बातम्यांत ‘विरोधकांच्या शेम, शेमच्या घोषणा’ इतक्या वेळा वाचायला मिळतात की हा शब्द परका आहे हे ध्यानातही येत नाही. आपण तो घेतला मात्र एकाच कामासाठी. मनातल्या भावनेसाठी लाज होतीच, फारसीतून आलेली शरमही रुळलेली होती. इंग्रजीकडून उचलला तो दुसऱ्यावर भिरकावायचा शेम. पोरांचं ‘शेम शेम पपी शेम’ त्याच जातीचं. सभागृहातली आरोळी मूळची ब्रिटिश पार्लमेंटची. संमतीला ‘हिअर, हिअर’, निषेधाला ‘शेम’.

इंग्रजीत मात्र हा शब्द आधी स्वतःच्या लाजेचा. जुन्या इंग्रजीत तो ‘स्कामू’ होता. जर्मनमधला ‘शाम’ त्याचा सख्खा भाऊ. दोघांच्या मुळाशी ‘झाकणे’ अशा अर्थाचा धातू असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. हा तर्कच, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण लाज ‘झाकणाऱ्या’ मराठी माणसाला तो पटायला जड जाऊ नये. लाज म्हणजे झाकायचं अंग, हा अर्थही इंग्रजीत होता: १६११ च्या इंग्रजी बायबलात, यशयाच्या ग्रंथात, बाबेलला ‘तुझी शेम दिसेल’ असं बजावलं आहे, ते याच अर्थाने.

‘शेमफेस्ड’ची गंमत वेगळीच. मूळ शब्द ‘शेमफास्ट’. फास्ट म्हणजे घट्ट, पक्का. लाजेने जखडलेला, म्हणून भिडस्त. सोळाव्या शतकात लोकांना त्यात ‘फेस’ ऐकू येऊ लागला आणि चेहऱ्याशी मुळात काही संबंध नसलेला शब्द पडेल चेहऱ्याचा झाला. चुकीच्या ऐकण्यातून इतका चपखल शब्द क्वचितच निघतो.

वापरताना आपल्याकडे हमखास गफलत होते ती ‘शेमफुल’ आणि ‘अशेम्ड’ची. कृत्य लाजिरवाणं असेल तर ते शेमफुल. ज्याला लाज वाटते तो अशेम्ड. ‘आय ॲम शेमफुल’ म्हणणारा नकळत स्वतःलाच लाजिरवाणा ठरवतो.

आणि ‘व्हॉट अ शेम!’ ऐकून दचकायचं कारण नाही. बहुतेकदा तो नुसता ‘अरेरे’ असतो: पावसाने सामना बुडाला, पाहुणे आलेच नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत तर गोंडस तान्हं बाळ पाहूनही कौतुकाने ‘शेम!’ म्हणतात.