रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाचे मोल आणि ‘वय’ या शब्दाचा गुंता

महाराष्ट्रातील शहरांत रस्त्याकडेचे मोठे झाड तोडण्याचा प्रस्ताव आला की आता सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरते आणि तो आकडा असतो झाडाच्या वयाचा. १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज’, म्हणजे वारसा वृक्षाचा, दर्जा दिला. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधनही तिनेच घातले. झाडाचे मोल वर्षांत मोजण्याची ही रीत आज अंगवळणी पडली असली, तरी ती अगदी अलीकडची आहे.

त्याआधी मोजदाद वेगळ्या गोष्टींची होत असे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील, सम्राट अशोकाच्या स्तंभावर कोरलेल्या लेखात माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावल्याचा उल्लेख आहे. मराठी राज्यनीतीच्या अठराव्या शतकातील प्रसिद्ध ग्रंथात आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये अशी ताकीद आहे आणि झाड जीर्ण होऊन कामातून गेलेले असले तरी धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मगच ते न्यावे असे बजावले आहे. म्हणजे किंमत ठरवण्याचा अधिकार झाडाच्या धन्याकडे होता. रस्त्याकडेच्या झाडाला असा धनी नसतो आणि पुढचे बरेच प्रश्न या एका गोष्टीतून निघाले आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या वहीत या झाडांचे उत्पन्न म्हणजे बहुधा चिंचांच्या आणि आंब्यांच्या लिलावाची रक्कम. सावलीसाठी त्या वहीत रकाना नव्हता.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि त्याने दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. तिथल्या रस्त्यांवरची दुतर्फा झाडी आजही त्या आखणीची साक्ष देते. मुंबईत रस्त्याकडेला बहुसंख्येने दिसणारा वर्षावृक्ष (रेन ट्री) मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला आहे. जागा मिळाली तर तो उंचीपेक्षा आडवा अधिक पसरतो. संध्याकाळ होऊ लागली की त्याची पाने जोडीजोडीने मिटतात आणि दुपारी गच्च असलेल्या छतातून आकाश दिसू लागते. ज्याने हे रोज पाहिले आहे, त्याला या झाडाचे मोल त्याच्या पसाऱ्यात आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कायद्याने मात्र पसारा कधी मोजला नाही.

१९७५ च्या कायद्याने निदान एवढे केले की बेवारस झाडाला एक पालक दिला. तोडीच्या परवानगीचा निर्णय घेणारे वृक्ष प्राधिकरण आले, परवानगीशिवाय तोड करणे गुन्हा ठरले, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे कर्तव्य महापालिकांवर आले आणि तोडीपूर्वी झाडावर नोटीस लावून हरकती मागवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. (ती नोटीस अनेकदा त्याच झाडाच्या सालीत खिळा ठोकून लावली जाते, ही बाब अलाहिदा.) पण या कायद्याचे एकक ‘एक झाड’ हेच राहिले. एक झाड तोडले तर त्या जागी किंवा दुसऱ्या योग्य जागी दुसरे लावावे, अशी मूळ कल्पना होती. त्या हिशेबात सहा मजल्यांइतका उंच वड आणि कुंपणालगतची सुबाभूळ सारखीच ठरत होती. मुंबईच्या गणनेतील २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडांचा आकडा वारंवार सांगितला जातो, तोही याच एककात मोजलेला आहे. २०१७ मध्ये २५ झाडांपर्यंतच्या तोडीचा निर्णय एकट्या आयुक्तांकडे देण्यात आला, तेव्हा मोठे प्रस्ताव पंचवीसच्या आत बसतील असे तुकडे पाडले जातात, असा आक्षेप न्यायालयापर्यंत गेला. नुसती संख्या मोजली जात होती, म्हणूनच ही पळवाट शक्य झाली.

२०२१ ची दुरुस्ती या दोषावरचा उतारा म्हणून आली आणि तिचा हेतू चांगला होता, याबद्दल दुमत नसावे. ५२ वर्षांचे झाड तोडायचे तर ५२ रोपे लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे त्यांची देखभाल व्हावी, असे ठरले. पाच वर्षांहून मोठी २०० किंवा अधिक झाडे जात असतील, तर प्रकरण राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जाईल अशी तरतूद झाली. अडचण आहे ती ‘वय’ या शब्दाची, कारण उभ्या झाडाचे वय कोणालाच दिसत नाही. सागाच्या खोडात वर्षागणिक स्पष्ट वर्तुळे उमटतात, पण वड-पिंपळात ती भरवशाने सापडत नाहीत. शिवाय वर्तुळे मोजायची तर खोड कापावे लागते किंवा त्यात गिरमिट चालवावे लागते. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरून खोडाशी एकजीव झाल्या की मूळ खोड कोणते, हेही सांगता येत नाही. लागवडीची नोंद बहुतेक ठिकाणी नसतेच. मग उरतो तो छातीच्या उंचीवर टेप धरून घेतलेला घेर आणि त्या घेराला जातीनुसार वाढीच्या अंदाजाने भागून काढलेले वय.

हा भागाकार निरुपद्रवी नाही. गुलमोहर आणि वर्षावृक्ष झपाट्याने फुगतात. बकुळ किंवा खिरणी हळूहळू जाड होते. त्यातही उघड्या मातीत वाढलेला आणि पदपथाच्या फरशांत कोंडलेला, असे एकाच वर्षी लावलेले दोन वर्षावृक्ष तीस वर्षांनी एकाच घेराचे राहत नाहीत. त्यामुळे ज्या झाडाने शहराचा जाच अधिक सोसला, तेच कागदावर तरुण ठरते आणि त्याच्या बदल्यात कमी रोपे लावली तरी चालतात. अंदाज ४८ निघाला की ५१, यावर वारसा वृक्षाचा दर्जा अवलंबून असेल, तर टेप कोणाच्या हातात आहे या प्रश्नाला नको इतके महत्त्व येते.

वय बरोबर निघाले असे धरले तरी भरपाईचा हिशेब जुळत नाही. १५ मीटर पसाऱ्याच्या झाडाखाली साधारण १७७ चौरस मीटर सावली पडते. रोपाचा पसारा दीड मीटर धरला, तर तितक्या सावलीसाठी १०० रोपे लागतात. ५२ रोपांत त्याची निम्मीच भरपाई होते. ही ५२ रोपे दहा-दहा मीटरवर एका ओळीत लावली, तर अर्ध्या किलोमीटरहून लांब रस्ता लागेल. तेवढी जागा त्या रस्त्यावर नसते, म्हणून ती शहराच्या कडेला एखाद्या मोकळ्या भूखंडावर जातात. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न या तरतुदीच्या चर्चेत क्वचितच विचारला गेला.

रुपयांत मोल काढण्याचे प्रयत्नही वर्षांच्याच आधाराने पुढे गेले. १९७९-८० च्या सुमारास कोलकात्यातील एका प्राध्यापकांनी ५० वर्षांत एक मोठे झाड १५ लाख ७० हजार रुपयांची सेवा देते, असा हिशेब मांडला आणि तो शाळेच्या फलकांवरही पोहोचला. पश्चिम बंगालमधील बारासातहून बांगलादेशच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ३५६ झाडांच्या तोडीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने वर्षाला ७४,५०० रुपये गुणिले झाडाचे वय, असे सूत्र सुचवले. त्याप्रमाणे ५० वर्षांच्या झाडाची किंमत ३७ लाख २५ हजार होते. शंभरी ओलांडलेल्या झाडाची किंमत कोटीहून अधिक असू शकते, असेही समितीने म्हटले होते. प्रत्यक्षात २०२३ मध्ये त्या झाडांच्या तोडीला परवानगी मिळाली.

या सूत्रात ४५,००० रुपये प्राणवायूचे आणि २०,००० सेंद्रिय खताचे आहेत. हवेतील प्राणवायूचे प्रमाण एका रस्त्यावर झाड असल्या-नसल्याने बदलत नाही आणि खताचे म्हणाल, तर शहरातली पानगळ सकाळी झाडूने गोळा होऊन कचऱ्याच्या गाडीत जाते. उन्हाळ्यात डांबर तापू न देणे, पावसाचा पहिला मारा पानांवर झेलणे, धूळ अडवणे ही झाडाची खरी कामे पसाऱ्यावर अवलंबून असतात. पाच वर्षांचे रोप आणि शंभर वर्षांचा वड वर्षाला सारखेच ७४,५०० देतात हे गृहीतक त्यांना लागू पडत नाही. लंडनमध्ये रूढ झालेली पद्धत खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळापासून सुरू होते, पण घेरावरून वय काढण्याच्या फंदात न पडता पसारा, प्रकृती आणि आसपासची लोकवस्ती पाहून आकडा वरखाली करते. २००८ मध्ये तिथल्या एका चौकातील ‘प्लेन’ जातीच्या वृक्षाची किंमत साडेसात लाख पौंड सांगितली गेली.

वयावर भर दिल्याचा आणखी एक परिणाम रस्त्यांच्या काँक्रीटीकरणात दिसतो. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश हरित न्यायाधिकरणाने दिल्लीच्या संदर्भात २०१३ मध्ये दिला होता आणि इतर शहरांतही त्याचा आधार घेतला जातो. तरीही काँक्रीट बुंध्यापर्यंत येते, केबलच्या चरात एका बाजूची मुळे जातात आणि पावसाळापूर्व छाटणीत तारांच्या बाजूच्या फांद्या उतरवल्या जातात. असे झाड तोडले गेलेले नसते, त्यामुळे त्याची भरपाई कोणी देत नाही. गणनेच्या तक्त्यात ते पूर्वीइतकेच एक झाड राहते आणि दर पाच वर्षांनी त्याच्या वयात पाच मिळवले जातात.