चुनेगच्ची

चुनेगच्ची : विरलेला चुना आणि वाळू किंवा सुरखी (विटांची भुकटी) घाण्यात मळून तयार केलेल्या मिश्रणाने केलेले बांधकाम, तसेच त्याच मिश्रणाचा भिंत, जमीन किंवा छपरावर चढवलेला थर. जुन्या कागदपत्रांत आणि बोलण्यात ही संज्ञा ‘चुनेगच्ची वाडा’, ‘चुनेगच्ची विहीर’ अशी बहुधा विशेषणासारखी येते. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या कच्च्या कामाहून वेगळे, टिकाऊ आणि अर्थातच खर्चिक काम असा तिचा रोख असे. पर्यावरणस्नेही घरांच्या चर्चेमुळे गेल्या काही दशकांत ही पद्धत पुन्हा पुढे आली आहे.

व्युत्पत्ती : ‘चुना’ संस्कृत ‘चूर्ण’वरून आला, याविषयी फारसे दुमत नाही. अडचण ‘गच्ची’ची आहे. मराठीतील ‘गच्च’ (घट्ट) या शब्दाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह होतो आणि धोपटून घट्ट केलेल्या थराला तो शोभतोही. तथापि फार्सीतील ‘गच’ (जिप्सम, तसेच त्याचा गिलावा) हे मूळ अधिक संभवनीय वाटते. तेलुगू व कन्नडमध्ये ‘गच्चु’ हा शब्द चुन्याच्या कामासाठीच रूढ आहे. दख्खनच्या तीन भाषांत एकच शब्द एकाच धंद्याच्या अर्थाने असणे हे सुलतानशाहीच्या काळातील दरबारी व कारागिरी देवघेवीशी जुळते. चुन्याने पक्के केलेले सपाट छप्पर ती गच्ची. सिमेंटचा स्लॅब आल्यावर चुना गेला, नाव राहिले. एक विसंगती मात्र ध्यानात ठेवावी. फार्सी शब्द जिप्समचा, पण महाराष्ट्राच्या बेसाल्ट पठारावर जिप्समचे साठे नाहीत. म्हणजे येथे नाव एका द्रव्याचे आले आणि ते दुसऱ्याला चिकटले.

प्राचीनत्वाचा प्रश्न : चुन्याचे बांधकाम मुसलमानी राजवटींबरोबर भारतात आले, असे विधान जुन्या ग्रंथांत वारंवार आढळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहाच्या विटा जिप्समच्या मिश्रणात बसवलेल्या असून गळती रोखण्यासाठी डांबर वापरले आहे. खनिज भाजून बंधक (विटा-दगड जोडणारे द्रव्य) करण्याची विद्या तेव्हाही होती. संस्कृतात चुन्याच्या लेपाला ‘सुधा’ म्हणतात. सुधेने लिंपलेले ते ‘सौध’, आणि अमरकोशात सौध म्हणजे राजसदन असा अर्थ दिला आहे. चुन्याने पांढरीशुभ्र केलेली घरे ही श्रीमंतीची खूण बरीच जुनी असावी, असे यावरून दिसते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील ‘वज्रलेप’ काही लेखक चुन्याच्या लेपाचा पुरावा म्हणून देतात, पण त्याच्या पहिल्या कृतीत कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले अशा वनस्पतिज वस्तूंचा काढा आहे, चुना नाही. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिळाल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला बरीच प्रसिद्धीही मिळाली. परंतु तो मुख्यतः मातीचा गिलावा आहे. चुनेगच्चीचा पूर्वज म्हणून तो दाखवणे घाईचे ठरेल.

महाराष्ट्रापुरते पाहता चित्र थोडे वेगळे दिसते. यादवकाळात आणि त्याआधी येथील देवळे घडीव दगड एकमेकांत बसवून, बंधकाशिवाय उभारली जात. हेमाद्रीच्या नावावरून या शैलीला हेमाडपंती म्हणतात. पण अंबरनाथचे १०६० चे मंदिर त्याच्या दोन शतके आधीचे आहे, तेव्हा हे श्रेय नावापुरतेच. दगडी कामात चुना सर्रास दिसू लागतो तो १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाल्यानंतर. कमान आणि घुमट यांना सांधे भरणारे, हळूहळू आवळणारे (घट्ट होऊन कठीण बनणारे) बंधक लागते. कोरड्या सांध्याच्या तुळई-खांबांना ते लागत नव्हते. लेप म्हणून चुना देशी व जुना, परंतु भिंतीच्या गाभ्यातले बंधक म्हणून त्याचा विस्तार या काळातला, असे म्हणणे उपलब्ध पुराव्याला धरून आहे. या विस्ताराचा कळस म्हणजे विजापूरचा गोलघुमट (१६५६). सुमारे ४४ मी. बाह्य व्यासाचा हा घुमट विटा आणि चुन्याच्या जाड थरांचा आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) बीबी का मकबऱ्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. तेथे संगमरवर घुमटाला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आहे. मधले बरेचसे काम काळ्या दगडाचे असून त्यावर घोटलेला चुना आहे. दुरून दोन्हींत फरक कळत नाही, जवळ गेल्यावर चुना किंचित पिवळसर दिसतो. या वास्तूचा काळ सामान्यतः १६५१–६१ असा देतात. मात्र जिची ही कबर आहे त्या औरंगजेबाच्या पत्नीचा, दिलरास बानूचा, मृत्यू १६५७ चा असल्याने आधीचे वर्ष संशयास्पद वाटते.

मराठेशाहीतील साधनांपैकी आज्ञापत्र हा रामचंद्रपंत अमात्यांचा राज्यकारभारावरील ग्रंथ (साधारणपणे १७१५–१६) महत्त्वाचा आहे. गडावरील राजमंदिराच्या भिंती विटांच्या, रुंद व भरपूर चुना घालून बांधाव्यात, उंदीर-विंचू-मुंगी शिरेल अशी फट ठेवू नये, अशा आशयाची सूचना त्यात आहे. म्हणजे चुना केवळ मजबुतीसाठी नव्हता. घराच्या आतील स्वच्छतेचाही त्यात विचार होता. सिंधुदुर्गाच्या तटावर चुन्यात उमटलेले हात व पाय दाखवतात आणि ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. परंपरा बाजूला ठेवली तरी ओला चुना ठसा किती बारकाईने धरतो, हे तेथे पाहता येते. पुण्याचा शनिवारवाडा (१७३०–३२) १८२८ च्या आगीत जळाला. विटा-लाकडाचे वरचे मजले गेले, दगडी जोती उरली.

चुन्याचे प्रकार : दख्खनच्या बेसाल्टात चुनखडक नाही, ही या विषयातील कळीची गोष्ट. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील चुनखडकाचे पट्टे सोडले, तर देशावर चुना मिळे तो काळ्या मातीत व ओढ्याकाठी सापडणाऱ्या कंकरांपासून. बोराएवढे ते मुठीएवढे हे पांढुरके, ओबडधोबड खडे शेतकऱ्याला नकोसे आणि चुनेवाल्याला हवेसे. कंकरात चिकणमाती मिसळलेली असल्याने त्याचा चुना पांढराफेक होत नाही, पण ओलाव्यातही आवळतो. असा चुना विहिरी, टाकी व पाटांना सोयीचा. माती मिसळलेल्या चुनखडकाचा चुना पाण्याखाली आवळतो, हे जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने एडीस्टन दीपगृहाच्या बांधणीत (१७५६–५९) प्रयोगाने दाखवले. दख्खनच्या गवंड्यांना त्याचा अनुभव आधीपासून असणार, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. भारतीय मानक ७१२ मध्ये चुन्याचे सहा वर्ग असून कंकर-चुन्याला ‘ई’ हा स्वतंत्र वर्ग आहे.

कोकण व गोव्यात भट्ट्यांत खाडीतील शिंपले भाजत. हा चुना जवळजवळ शुद्ध, म्हणून पांढरा व लोण्यासारखा मऊ. पाण्याखाली मात्र तो आवळत नाही. जांभ्याच्या खडबडीत चिऱ्यांवर त्याचा जाड थर द्यावा लागे. देशावर चुना भाजण्याचे काम पुष्कळ ठिकाणी लोणारी समाजाकडे होते; चुने-लोणारी आणि मीठ-लोणारी असे त्यांचे भेदही नोंदले गेले आहेत.

कृती : कच्चा माल व कोळसा किंवा लाकूड यांचे थर आलटून पालटून भट्टीत रचून सुमारे ९००° से. तापमानाला भाजतात. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असल्यास १०० किग्रॅ. मधून ४४ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व ५६ किग्रॅ. कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी घातले की आधी काही होत नाही. मग खडा चरचरतो, तडकतो, वाफ सुटते आणि पाहता पाहता त्याचे पीठ होते. या वेळी डोळे सांभाळावे लागतात, कारण उडालेला शिंतोडा डोळा कायमचा निकामी करू शकतो. विरलेला चुना पाण्याखाली जितका जास्त मुरेल तितका चांगला, असा गवंड्यांचा अनुभव असून सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणे त्याला दुजोरा देतात: मुरताना चुन्याचे कण बारीक व चपटे होतात.

मळणी घाण्यात होते. घडीव दगडांचा वर्तुळाकार चर, मध्ये खुंट, खुंटाला आडवी दांडी, तिच्यावर दगडी चाक आणि पुढे बैल. अनेक गडांवर हा चर आणि कुशीवर पडलेले चाक आजही दिसते, आणि ते तेलाचे असावे असे पुष्कळ पर्यटकांना वाटते. सामान्य प्रमाण एक भाग चुना व दोन भाग वाळू किंवा सुरखी. शुद्ध चुन्याला ओलाव्यात आवळण्याचा गुण नसतो. तो सुरखीने येतो.

मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडीद, मेथी, ताग इ. घालण्याची चाल होती. यांपैकी गुळाचे कार्य बऱ्यापैकी समजलेले आहे: साखरेमुळे चुन्याची पाण्यातील विद्राव्यता वाढते व मिश्रण अधिक काळ कामाजोगे राहते, प्रमाण चुकल्यास मात्र ते आवळतच नाही. हिरड्यातील टॅनिनाविषयी व उडदाच्या चिकटपणाविषयी प्रयोग झाले असले, तरी प्रत्येक गावाची कृती निराळी असल्याने सरसकट निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

जमीन किंवा गच्ची करताना चुना व विटांचे तुकडे पसरून लाकडी थाप्यांनी दिवसेंदिवस धोपटत, हा कोबा. वर गुळाचे व हिरड्याचे पाणी शिंपडत राहायचे आणि थापी उसळू लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. मुंबईतील इमारतींच्या छपरांवर आज जो ‘ब्रिकबॅट कोबा’ करतात त्यात सिमेंट असते, पण शब्द तोच. भिंतीवर शेवटचा हात निरूचा. हा गाळलेल्या चुन्याचा पातळ थर गारगोटीने घोटला की काचेसारखा चमकतो. राजस्थानातील आराईश व मद्रासी चुनम या याच कुळातील, अधिक नावाजलेल्या पद्धती होत.

आवळणे व श्वसन : चुना वाळून नव्हे, तर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. ही क्रिया बाहेरून आत जाते आणि महिन्याला साधारण एखादा मिलिमीटर पुढे सरकते. जुन्या भिंतीचा तुकडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचा द्रव टाकल्यास जेथे चुना अजून कच्चा आहे तेथे गडद गुलाबी रंग येतो. बाहेरची कड पांढरी आणि गाभा गुलाबी, असे कित्येक जुन्या जाड भिंतींत दिसते.

घराच्या दृष्टीने चुन्याचे दोन गुण मोलाचे. तो बाष्प अडवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात भिंत ओलावा घेते आणि हवा सुकली की सोडते. आणि ताजा असताना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी धरत नाही. जुन्या चुनेगच्ची भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास हा मार्ग बंद होतो. आत कोंडलेले पाणी क्षार घेऊन दुसरीकडून वाट काढते, भिंतीला लोणा लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत नवा गिलावा पोपड्यांनी सुटतो. वाड्यांच्या हौशी दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान याने झाले आहे. प्लास्टिक रंगाच्या थरावर चुन्याची सफेदी देणेही तितकेच व्यर्थ. तिला धरायला सच्छिद्र पृष्ठ लागते.

पर्यावरणीय मूल्यमापन : चुना ‘कार्बन-तटस्थ’ आहे, हे विधान जाहिरातीत दिसते तितके सरळ नाही. भाजताना सुटलेला वायू आवळताना परत घेतला जातो, हे खरे. पण भट्टीच्या इंधनाचा वायू परत येत नाही, आणि कंकरासारख्या मातीमिश्रित चुन्याचा काही भाग सिलिकेटे बनण्यात खर्च होत असल्याने तोही पूर्ण परतफेड करत नाही. शिवाय एक किग्रॅ. शुद्ध कळीमागे दगडातून सुमारे ०·७९ किग्रॅ. वायू सुटतो, तर सिमेंटच्या क्लिंकरमागे (दळून सिमेंट होण्यापूर्वी भट्टीतून निघणाऱ्या खड्यांमागे) अर्ध्या किग्रॅ.च्या आसपास. भट्टीचे तापमान चुन्याला सुमारे ९००°, क्लिंकरला सुमारे १४५०° से. लागते, हा फरक चुन्याच्या बाजूचा. परंतु गावठी भट्टीत उष्णता फार वाया जाते. चुन्याची बाजू खरी बळकट होते ती अन्यत्र: चुन्यात रचलेल्या विटा व दगड मोडून पुन्हा वापरता येतात, सिमेंटमधले येत नाहीत. पूर्वी कंकर शेजारच्या ओढ्यातला आणि भट्टी गावाबाहेरची असे. परप्रांतातून ट्रकने आलेल्या पिशवीबंद चुन्याला तो हिशोब लागू करता येणार नाही.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि काही दशकांत चुना मुख्य बांधकामातून हटला. सिमेंट दिवसांत आवळते, चुन्याला महिने लागतात. ठेकेदारीच्या काळात ही स्पर्धा चुन्याला झेपणारी नव्हती. पुरातत्त्वीय जतनाच्या कामात तो टिकून राहिला. सध्या पुणे, कोकण व गोव्यात काही वास्तुरचनाकार नव्या घरांच्या आतील भिंतींना चुन्याचा गिलावा देतात. घाण्याऐवजी विजेवर चालणारी चक्की वापरतात, ताग किंवा काथ्याचे तुकडे मिसळतात आणि काम शक्यतो पावसाळा संपल्यावर काढतात. थर बसल्यावर आठवडाभर ओली गोणपाटे लावून ठेवावी लागतात. हे टाळल्यास केसासारख्या चिरा पडतात व दोष चुन्यावर जातो.