जॉर्ज क्रॉस: पदकाच्या नावाचा माल्टीज क्लब

मेलबर्नच्या पश्चिमेला फ्रेझर राइझ इथे खेळणाऱ्या कॅरोलाइन स्प्रिंग्ज जॉर्ज क्रॉस या अर्धव्यावसायिक सॉकर क्लबच्या नावात माल्टा कुठेच दिसत नाही. तरीही हा ऑस्ट्रेलियातल्या माल्टीज समाजाच्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक आहे. स्थापना 1947 ची. त्याचा इतिहास कळण्यासाठी सुरुवात नावापासूनच करावी लागते.

जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश पदक. प्रत्यक्ष रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी, मुख्यतः नागरिकांना देता यावं म्हणून ते 1940 मध्ये सुरू झालं. एरवी ते एकेका माणसाला मिळतं, पण 15 एप्रिल 1942 रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी ते अख्ख्या माल्टा बेटाला दिलं. इटली आणि जर्मनीची विमानं तेव्हा भूमध्य समुद्रातल्या या चिमुकल्या वसाहतीवर रात्रंदिवस बॉम्ब टाकत होती आणि अन्नधान्याची जहाजं वाटेतच बुडत होती. वेढा सुटून पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा मेलबर्नमधल्या माल्टीज मंडळींनी आपल्या संघाला त्या पदकाचं नाव दिलं. साम्राज्याशी निष्ठा आणि बेटाचा अभिमान दोन्ही त्यात एकदमच येत होते. पुढे हाच दुहेरी अर्थ क्लबच्या कामी आला.

माल्टाचे लोक ब्रिटिश प्रजाजन असले तरी ऑस्ट्रेलियाने त्यांना सहज आत घेतलं नव्हतं. 1916 मध्ये ‘गांज’ नावाच्या फ्रेंच जहाजातून 214 माल्टीज कामगार आले. सक्तीच्या सैन्यभरतीवर तेव्हा देशभर सार्वमत चाललं होतं आणि बाहेरून स्वस्त मजूर आणले जातायत ही ओरड सरकारला परवडणारी नव्हती. मग त्यांची श्रुतलेखन चाचणी घेतली गेली, तीही डच भाषेत. सगळे नापास झाले, कारण चाचणीचा हेतूच तो होता. जहाज न्यू कॅलेडोनियाकडे पाठवलं गेलं आणि या माणसांना देशात पाय ठेवायला पुढचं वर्ष उजाडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, तर माल्टात गोदीवरची कामं आटत होती. 1948 मध्ये दोन सरकारांत अनुदानित प्रवासाचा करार झाला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं बोटी भरभरून गेल्या. तारखा बारकाईने पाहिल्या तर क्लब कराराच्या एक वर्ष आधीचा आहे. म्हणजे क्लब उभारला तो आधी येऊन स्थिरावलेल्या थोड्या लोकांनी. मागून आलेल्या लाटेने त्याला खेळाडू, प्रेक्षक आणि वर्गणीदार पुरवले. 1981 च्या जनगणनेत माल्टात जन्मलेल्यांची ऑस्ट्रेलियातली संख्या सुमारे 57 हजार होती. त्यातले पुष्कळसे मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइन, सेंट ऑल्बन्स या कारखान्यांच्या उपनगरांत राहिले. सनशाइनला नावच मुळी शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यावरून मिळालेलं.

मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे नुसतं ‘फुटबॉल’ म्हटलं की ऑस्ट्रेलियन रूल्स हा तिथला स्वतःचा वेगळा खेळ समजतात. त्याचं मैदान लंबगोल, दीडशे मीटरच्या आसपास लांबीचं, आणि उन्हाळ्यात त्यावरच क्रिकेट. सॉकरला साधारण 105 बाय 68 मीटरचा आयत हवा. मैदानं नगरपालिकेच्या मालकीची आणि भाडेपट्ट्याने मिळणारी, त्यामुळे स्थलांतरितांच्या क्लबांचा पहिला झगडा प्रतिस्पर्ध्यांशी नसायचा, जागेशी असायचा. जॉर्ज क्रॉसचं घर म्हणून ओळखलं गेलं ते सनशाइनमधलं चॅप्लिन रिझर्व्ह.

पन्नासच्या दशकात जुन्या राज्य संघटना ब्रिटिश वळणाच्या लोकांच्या हाती होत्या. गर्दी मात्र इटालियन, ग्रीक, ज्यू, क्रोएशियन, माल्टीज क्लबांच्या सामन्यांना व्हायची. गल्ल्यातला आणि कारभारातला वाटा मिळेना, तेव्हा 1957 मध्ये न्यू साउथ वेल्समधले क्लब फुटून निघाले आणि इतर राज्यांत तेच झालं. या क्लबांनी युरोपातले खेळाडू मूळ क्लबांना हस्तांतर शुल्क न देता उतरवून घेतले. ऑस्ट्रियातून तक्रारी गेल्या आणि फिफाने 1960 मध्ये ऑस्ट्रेलियाला निलंबित केलं. दंड भरून 1963 मध्ये देश परत आत आला. त्या सहा वर्षांच्या भांडणात खेळाची सूत्रं स्थलांतरितांच्या क्लबांकडे आली, ती पुढची तीन दशकं तिथेच राहिली.

1962 ते 1968 या काळात चाललेल्या ऑस्ट्रेलिया कप या देशव्यापी बाद स्पर्धेत 1964 चा करंडक जॉर्ज क्रॉसने जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरात माल्टा स्वतंत्र झाला आणि पांढऱ्या-लाल ध्वजाच्या कोपऱ्यात जॉर्ज क्रॉस कायम राहिला.

‘अर्धव्यावसायिक’ म्हणजे व्यवहारात काय, हे इथे सांगितलं पाहिजे. खेळाडू दिवसा कारखान्यात, बांधकामावर किंवा महाविद्यालयात असतो. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी सामना, आणि त्याबद्दल मानधन. हा पैसा तिकिटं, बार, सोडती, जेवणावळी आणि समाजातल्या दुकानदार-कंत्राटदारांच्या खिशातून येतो. सिडनी आणि मेलबर्नमध्ये इथेच मोठी तफावत होती, जी मैदानावरच्या निकालांपेक्षा कमी चर्चिली जाते. न्यू साउथ वेल्सने 1956 मध्येच नोंदणीकृत क्लबांना पोकर मशीन ठेवायला परवानगी दिली, त्यामुळे तिथल्या इटालियन, ज्यू वगैरे क्लबांमागे जुगाराचं नियमित उत्पन्न उभं राहिलं. व्हिक्टोरियात तो कायदा व्हायला 1991 उजाडलं. तोवर मेलबर्नचे क्लब गल्ला आणि देणग्यांवरच जगले. दोन-तीन हंगाम वाईट गेले की देणगीदार हात आखडता घ्यायचे, चांगले खेळाडू निघून जायचे आणि घसरण आणखी वेगाने व्हायची.

राष्ट्रीय सॉकर लीग 1977 मध्ये सुरू झाली. 1984 मध्ये ती वाढवून 24 संघांची, प्रत्येकी 12 च्या दोन गटांत करण्यात आली. त्या 24 मध्ये तीन संघ माल्टीज मुळांचे होते: सनशाइन जॉर्ज क्रॉस (हाच क्लब, तेव्हाच्या नावाने), मेलबर्नचाच 1955 साली स्थापन झालेला ग्रीन गली आणि सिडनीचा 1956 चा मेलिटा ईगल्स. एवढ्याशा समाजासाठी हा वाटा थक्क करणारा आहे. माझ्या मते तो लीगच्या कच्च्या आखणीचाही पुरावा आहे. एकट्या मेलबर्नचे आठ संघ आत घेतल्याने तेच प्रेक्षक वाटले गेले, आणि अर्धव्यावसायिक पगारावर ॲडलेड-ब्रिस्बेनच्या विमानवाऱ्या परवडेनात. ग्रीन गली 1986 नंतर बाहेर पडला. जॉर्ज क्रॉसने 1991 पर्यंत तग धरला. मेलिटा नंतर लीगमध्ये परतला, पण 1995 नंतर तोही नव्हता.

यादरम्यान नावांचा प्रश्न पेटला. वांशिक नावं आणि चिन्हं सामान्य ऑस्ट्रेलियन प्रेक्षकाला दूर ठेवतात, असं राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं होतं. नव्वदच्या दशकात मेलबर्न क्रोएशियाचा नाइट्स झाला, सिडनी क्रोएशियाचा सिडनी युनायटेड झाला, साउथ मेलबर्नच्या मागचं ‘हेलास’ (ग्रीसचं ग्रीक नाव) गेलं. मेलिटा हे माल्टाचं लॅटिन नाव, आणि तो क्लब पॅरामाटा ईगल्स म्हणून खेळू लागला. ग्रीन गली हे जागेचं नाव असल्याने तिथे हरकतीचं काही नव्हतंच. जॉर्ज क्रॉसची गंमत वेगळी. ते ब्रिटिश राजाच्या पदकाचं नाव, त्याला ‘परकं’ कोण म्हणणार? माल्टीज माणसाला त्यात आपलं बेट ऐकू यायचं, बाकीच्यांना फक्त राजा. 2014 मध्ये वांशिक ओळखीच्या नव्या नावांवर आणि चिन्हांवर पुन्हा बंदी आली, 2019 मध्ये ती उठली. जॉर्ज क्रॉस दोन्ही वेळा आपल्या जागी होता.

बदललं ते नावापुढचं ठिकाण: सनशाइनचं कॅरोलाइन स्प्रिंग्ज झालं. स्थलांतरितांची मुलं आणि नातवंडं सनशाइन सोडून आणखी बाहेरच्या नव्या वसाहतींत घरं घेऊ लागली, तसा क्लबही त्यांच्यामागे सरकला. चॅप्लिन रिझर्व्ह सुटलं आणि शेवटी मेल्टन पालिकेच्या हद्दीत, फ्रेझर राइझमधल्या सिटी व्हिस्टा संकुलात बस्तान बसलं. 2004 मध्ये राष्ट्रीय लीग बंद होऊन पुढच्या वर्षी फ्रँचायझींची ए-लीग आली, तेव्हा जुने क्लब राज्य पातळीवर अडकले. राज्याच्या विभागांत बढती-उतराई आहे, पण वरच्या टोकाला दार बंद.

खेळाडू मात्र जात राहिले. माल्टीज आईवडिलांचा केव्हिन मस्कट याने मोठ्यांच्या सामन्यांत सुरुवात सनशाइन जॉर्ज क्रॉसकडून केली. तो पुढे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला, आणि नोव्हेंबर 2001 मध्ये उरुग्वेविरुद्धच्या विश्वचषक पात्रता लढतीत मेलबर्नच्या मैदानावर एकमेव गोल पेनल्टीवर त्यानेच केला. मॅनी मस्कट याच क्लबातून वेलिंग्टन फिनिक्सकडे गेला. तो ऑस्ट्रेलियासाठी खेळला नाही, माल्टाच्या राष्ट्रीय संघातून खेळला.