चरांतला आवाज आणि आकड्यांतला आवाज : एका तुलनेची पार्श्वभूमी

एकाच अल्बमची विनाइल रेकॉर्ड आणि डिजिटल आवृत्ती घरी लागोपाठ ऐकली, तर दोहोंतला फरक सहसा लपत नाही. रेकॉर्डचा आवाज भरदार आणि डिजिटल कोरडा, असे एक पक्ष म्हणतो. डिजिटल स्वच्छ आणि रेकॉर्ड खरखरीत, असे दुसरा. दोघेही कारण माध्यमात शोधतात. माझ्या मते त्या फरकाचा मोठा भाग आधीच, म्हणजे ध्वनिमुद्रण त्या त्या माध्यमाजोगे करून घेण्याच्या मास्टरिंग नावाच्या टप्प्यात ठरलेला असतो. तो टप्पा मुळात का लागला, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये कथलाचा वर्ख गुंडाळलेल्या नळकांड्यावर आवाज उमटवला, पण नळकांड्याच्या प्रती काढणे जिकिरीचे होते. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा मार्ग धरला. तिच्यावर कोरलेल्या चरात, म्हणजे गोल फिरत आत जाणाऱ्या बारीक खाचेत, सुई खालीवर होण्याऐवजी डावीउजवीकडे हलत असे, आणि मूळ तबकडीवरून साचा करून हव्या तितक्या प्रती दाबून काढता येत. ध्वनिमुद्रित संगीत घरोघरी पोचले ते या साच्यामुळे. त्यानंतर कित्येक दशके लाखेच्या, मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डची होती. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला भोंग्यासमोर उभे राहून गावे लागे.

कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी बारा इंची एलपी, म्हणजे दीर्घ वेळ वाजणारी रेकॉर्ड, सादर केली. लाखेऐवजी विनाइल आल्यामुळे पृष्ठभागाची खरखर कमी झाली, चर बारीक कोरता आले आणि एका बाजूला वीसहून अधिक मिनिटांचे संगीत बसू लागले. या लाभाची किंमत मात्र मोजावी लागली. खर्जाचा स्वर चराला रुंद वळणे घ्यायला लावतो. तो आहे तसा कोरला तर शेजारच्या चराची भिंत फुटते, किंवा दोन चरांत इतके अंतर सोडावे लागते की त्या बाजूचा वेळच घटतो. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा, वरचे स्वर उचलायचे आणि घरच्या फोनो प्रीअँपमध्ये, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रात, नेमके उलटे करायचे, ही पद्धत रूढ झाली. आधी कंपन्यांची मापे वेगवेगळी होती. अमेरिकेतील आरआयएए या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने १९५४ मध्ये कोणता स्वर किती दाबायचा वा उचलायचा याचा प्रमाण वक्र ठरवल्यावर ती हळूहळू एक झाली. या वक्रात १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे २० डेसिबलने दाबला जातो आणि २०,००० हर्ट्झचा जवळजवळ तेवढाच उचलला जातो. वाजवताना वरचे स्वर पुन्हा खाली आणले की त्यांच्यासोबत खरखरही दबते, हा या युक्तीचा दुसरा फायदा.

स्टिरिओने आणखी एक बंधन आणले. अ‍ॅलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्येच पेटंटसाठी मांडलेल्या कल्पनेनुसार एका चराच्या दोन भिंतींवर डावी आणि उजवी अशा आवाजाच्या दोन वाहिन्या कोरता येत होत्या. अशा रेकॉर्ड बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून. यात दोन्ही वाहिन्यांतला फरक सुईच्या खालीवर होणाऱ्या हालचालीत उतरतो, त्यामुळे जोरकस खर्ज एकाच बाजूला ठेवला तर सुई चराबाहेर उडण्याचा धोका असतो. म्हणून रेकॉर्डसाठी खर्ज मधोमध आणला जातो. यापुढची अडचण निव्वळ भूमितीची आहे. फेऱ्यांचा वेग कायम असल्यामुळे बाहेरच्या चरात सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर लांबी सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच तपशील निम्म्याहून कमी जागेत कोरावा लागल्याने बाजूच्या अखेरच्या गाण्यात ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चार सहज फाटतात. अनेक अल्बममध्ये बाजूच्या शेवटी शांत रचना ठेवली जाई, तिच्यामागे हेही एक कारण होते.

आवाज आकड्यांत मांडण्याची कल्पना सीडीपेक्षा बरीच जुनी आहे. अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती टेलिफोनसाठी मांडली होती, आणि १९७२ मध्ये जपानच्या डेनॉन कंपनीने डिजिटल यंत्रावर मुद्रित केलेले संगीत एलपीवर प्रसिद्ध केले. फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचे प्रमाण ठरवले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्री सुरू झाली. आकड्यांत मांडताना आवाजाची पातळी ठरावीक अंतराने मोजतात आणि अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. सीडीचा सेकंदाला ४४,१०० नमुने हा विचित्र आकडा व्हिडिओ रेकॉर्डरवरून आला, कारण तेव्हा डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरली जात होती. प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ अंकांत, लिहिल्यामुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते. चांगल्या रेकॉर्डवर ते साधारण ६० ते ७० डेसिबल असते. नमुन्यांमुळे आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याखालच्या सर्व स्वरांची लहर वाजवताना अखंड परत मिळते.

दोन माध्यमांतली सीमारेषाही समजली जाते तेवढी स्वच्छ नाही. पुढे किती मोठा आवाज येणार आहे, हे चर कोरणाऱ्या यंत्राला सुमारे एक फेरा आधी कळावे लागते, तरच ते चरांमधले अंतर बदलू शकते. त्यासाठी टेपयंत्रावर आगाऊ वाचणारे वेगळे हेड असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी त्याऐवजी आवाज उशिराने सोडणारे डिजिटल यंत्र आले. मूळ आवाज आगाऊ सूचनेसाठी थेट जाई आणि चरात उतरे तो आकड्यांतून गेलेला आवाज. अशा एलपी सीडीच्या आधीपासून लोक ऐकत होते.

सीडीला जी मुभा मिळाली तिचा वापर उलट दिशेने झाला, याची मला खरोखर खंत वाटते. लागोपाठ लागलेल्या गाण्यांत मोठ्याने वाजणारे गाणे आधी लक्ष वेधते, म्हणून १९९० च्या दशकापासून लिमिटर, म्हणजे आवाजाची उंच टोके दाबणारे साधन, लावून हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर चिरडले जाऊ लागले. ९६ डेसिबलची जागा असताना कित्येक अल्बम वरच्या काही डेसिबलांतच अडकले. तसे मास्टर रेकॉर्डवर नीट कोरणे अवघड असल्याने एलपीसाठी कधीकधी वेगळे, मोकळे मास्टर केले गेले, आणि घरी ती एलपी सरस वाटली तर त्यात नवल नव्हते.

आवाजातला काही भाग गाळून फाइल लहान करणाऱ्या एमपी३ ने तुलना आणखी बिघडवली. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट वापरले जातात. इंटरनेटवर पसरलेल्या सुरुवातीच्या असंख्य फाइल १२८ किलोबिटच्या होत्या. एका पिढीने ‘डिजिटल’ म्हणून रेकॉर्डशी ताडून पाहिला तो बऱ्याचदा हा कातरलेला आवाज. आता मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर सीडीच्या दर्जाचा, काहीही न गाळलेला आवाज मिळतो, आणि गाण्यांची पातळी आपोआप समान राखली जात असल्याने मोठ्याने वाजण्याचा फायदाही पुष्कळ कमी झाला आहे.

नेमक्या याच काळात रेकॉर्ड परतली. अमेरिकेत २०२० मध्ये विनाइलच्या विक्रीचे उत्पन्न १९८० च्या दशकानंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले आणि २०२२ मध्ये विकलेल्या प्रतींची संख्याही. नव्या संगीताचे ध्वनिमुद्रण आता बहुतांशी डिजिटलच असते, त्यामुळे आज घरी होणाऱ्या तुलनेत दोन्हीकडे उगम बहुधा आकड्यांचाच असतो. एकीकडे ते आकडे थेट वाजतात. दुसरीकडे त्यांतला खर्ज मधोमध आणून, वक्रानुसार दाबून तो आवाज चरात कोरलेला असतो, आणि तो परत कसा उलगडेल हे घरच्या सुईच्या झिजेवर, सुई धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे टोनआर्मच्या, जुळणीवर आणि फोनो प्रीअँपवर अवलंबून राहते.