'गृहीतागमा' ते बी.ए. : कर्व्यांच्या विद्यापीठाचे नियम कसे घडले, कसे बदलले

धोंडो केशव कर्व्यांनी स्त्रियांसाठी काढलेल्या एसएनडीटी विद्यापीठाच्या जुन्या पदवीधरांच्या नावापुढे कधीकधी 'जी.ए.' अशी अक्षरं दिसतात. ही बी.ए.च्या तोडीची पदवी, पण तिचं नाव मुद्दाम वेगळं ठेवलेलं. मराठीत तिला 'गृहीतागमा' म्हणत, आणि तिच्या वरची पदवी 'प्रदेयागमा', म्हणजे पी.ए. या वेगळेपणामागे मुंबई विद्यापीठाच्या शिस्तीशी घेतलेली फारकत आहे.

१८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारं आणि कॉलेजांना संलग्नता देणारं होतं. शिक्षण इंग्रजीतून. काही वर्षांतच देशी भाषांना वरच्या परीक्षांतून बाजूला सारून संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना मान मिळाला. मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. मुलींना परीक्षेचं दार १८८३ मध्ये उघडलं खरं, पण अभ्यासक्रम, माध्यम, टर्म भरण्याची, म्हणजे सत्रभर हजेरी लावण्याची अट, सगळं मुलांसाठी बेतलेलं तसंच राहिलं. ज्या मुलीचं लग्न बाराव्या-तेराव्या वर्षी व्हायचं तिने इंग्रजीतून मॅट्रिक व्हावं आणि मग कॉलेजच्या टर्मा भराव्यात, ही अपेक्षा कागदावर समान असली तरी व्यवहारात तिचा अर्थ 'येऊ नका' असाच होता.

धोंडो केशव कर्वे स्वतः याच विद्यापीठाचे पदवीधर. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला, आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झालं. स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मात्र जपानमधून आली. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ मध्ये त्यांच्या हाती पडली होती. त्या वर्षअखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं तेव्हा भाषणाच्या तयारीत त्यांनी ती नीट वाचली आणि व्यासपीठावरून महिला विद्यापीठाची योजनाच मांडली. वय सत्तावन्न, नोकरीतून निवृत्त. माणसं अशा वयात यात्रेला निघतात.

१९१६ च्या जून-जुलैत पुण्यात काम सुरू झालं. कुलपती रामकृष्णपंत भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. ५ जुलैला कॉलेज उघडलं तेव्हा विद्यार्थिनी पाच! सरकारी मान्यता नव्हती, अनुदान नव्हतं. पैसा वर्गणीतून गोळा करायचा, त्यासाठी कर्व्यांनी गावोगाव फिरायचं, असा मामला.

पण मान्यता नसल्याचा एक फायदा होता: कुणाला विचारावं लागत नव्हतं. म्हणून धोरणं धाडसी ठेवता आली. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा, म्हणजे आधी मराठी आणि पुढे गुजरातीही. इंग्रजी हा सक्तीचा विषय, पण माध्यम नाही. यावर गांधीजींशी मतभेद झाला. मातृभाषेचं तत्त्व त्यांना पसंत होतं, इंग्रजीची सक्ती नव्हती. कर्वे आपल्या मतावर ठाम राहिले. घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा होती, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा नियम. कॉलेजला जाऊ न शकणाऱ्या संसारी बाईला मुंबई विद्यापीठात जी वाट नव्हती ती इथं मिळाली.

अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र, बालमानसशास्त्र आलं. संगीत, चित्रकला आली. गणित ऐच्छिक झालं. गणिताच्या प्राध्यापकाने काढलेल्या विद्यापीठात, जिथं कुलगुरूही केंब्रिजचा सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला, तिथं गणिताला सक्तीतून सूट! टीका तेव्हाही झाली: ही मुलींसाठी हलकी पदवी, 'चांगली आई' घडवण्याचा कारखाना. ही टीका सगळी खोटी नव्हती. कर्व्यांच्या लेखी गृहिणीपण हेच बहुतेक मुलींचं भविष्य होतं, आणि अभ्यासक्रम त्या भविष्याला धरून बेतला गेला. १९२१ साली पहिल्या पाचजणी पदवीधर झाल्या. पण सरकारी नोकरीच्या अर्जात जी.ए.ला किंमत नव्हती.

१९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावे पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला ५२,५०० रुपये. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला एवढी बांधील रक्कम म्हणजे पगाराची चिंता मिटली. नाव 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी', म्हणजेच एसएनडीटी झालं, आणि १९३६ साली मुख्यालयही मुंबईला हललं.

शेवटी १९४९ च्या कायद्याने मान्यता मिळाली, १९५१ पासून ते वैधानिक विद्यापीठ झालं, आणि विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. मान्यतेबरोबर इतर विद्यापीठांशी मेळ घालणं आलं. गृहीतागमा, प्रदेयागमा गेल्या, बी.ए., एम.ए. आल्या. पदवी नोकरीत चालावी ही विद्यार्थिनींची रास्त गरज होती. नावाच्या हट्टापायी ती डावलणं कर्व्यांनाही पटलं नसतं. ते तेव्हा नव्वदी पार करून गेले होते.

माध्यमाचा प्रश्न मात्र कायद्याने नव्हे, बाजाराने सोडवला. परिचर्या, तंत्रशिक्षण यांसारखे अभ्यासक्रम वाढले, तशी इंग्रजी नुसता विषय न राहता माध्यम होत गेली. मराठी-गुजराती वर्ग चालू राहिले, पण ओढा तिकडे राहिला नाही. बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय तेवढी टिकली, आणि १९७९ च्या सुमारास तिला दूरशिक्षणाचं रूप मिळालं.